वरच्या घराचं कौल

दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी परका माणूस धापा टाकत ती चढण चढून यायचा आणि टोपी हातात घेऊन कातालिनच्या दारात उभा राहायचा. बूट शहरातले, बोलणं अडखळतं. "मी गोयेनेचे, ब्वेनोस आइरेसहून आलोय," असं एखादा सांगायचा. डोंगरापलीकडचा, फ्रान्सच्या बाजूचा कुणी असला तर त्याच्या आडनावात मध्येच एक मुका ह असायचा, आणि तो ह किती जुना आहे हे तो पाणी मागण्याआधी सांगायचा. बिल्बाओचे लोक आडनावाला शेवटी एक आ लावत आणि बाकीच्यांनी तो खाऊन टाकला असं म्हणत. एकदा दोघे एकाच दिवशी आले आणि खरं आडनाव कुणाचं यावरून उंबऱ्यातच जुंपली. कातालिननं दोघांचं ऐकून घेतलं, हाताचं पीठ झटकलं आणि म्हणाली, "लिहा हो कसंही. अर्थ एकच, सगळ्यांत वरचं घर. ते हे. आत या, पाय पुसून या."

पाय पुसून आत येणाऱ्यांना काय ठाऊक, की एके काळी याच उंबऱ्याच्या आत पाऊस थेट पडत होता. आडनाव घेऊन ही मंडळी जगभर गेली. ते आडनाव ज्या दगडांवरून पडलं ते दगड राखले कुणी, तर जिच्या अंगात त्या घरच्या रक्ताचा थेंबही नव्हता तिनं. नाव मिरवणाऱ्यांना हे कुणीतरी सांगायलाच हवं.

अर्राल्दे या आमच्या डोंगरातल्या गावात आडनाव माणसाचं नसतं, घराचं असतं. माणसं घरात राहायला येतात, म्हणून ती त्या नावाची होतात. मुलगी वारस ठरली तर जावई येऊन तिच्या घराच्या नावानं ओळखला जातो, आणि त्याचं कागदावरचं नाव फक्त पाद्र्याला आणि पोलिसाला आठवतं. वारस एकच, तो आईबाप निवडतात. बाकीची पोरं नाव घेऊन बाहेर पडतात, आणि जिथे जातील तिथला कारकून त्याच्या कानाला येईल तसं ते लिहून मोकळा होतो. वरच्या घराच्या खाली, हाकेच्या अंतरावर, एचेवेरिया आहे, म्हणजे नवं घर. हे नवं घर इतकं जुनं, की दारावरच्या दगडात कोरलेलं साल झिजून गेलंय. त्याचंही नाव बाहेर जाऊन कुठे एचेबारी झालं, कुठे चावारी. हावियेर हे संताचं नावसुद्धा मुळात आमच्याच घराचं, फक्त वळण बदललेलं, असं त्या घरचा मालक होआकिन एचेवेरिया सफरचंदाच्या दारूचा पहिला पेला झाला की सांगायचा. दुसऱ्या पेल्यानंतर तो संत त्याचा नातेवाईक व्हायचा.

कातालिन जन्मानं यांतल्या कुठल्याच घरची नव्हती. बाप ओढ्यावरची पाणचक्की भाड्यानं चालवायचा. कागदावर तिचं आडनाव लांदा, म्हणजे शेत, आणि बापाकडे लसूण लावण्याइतकीही जमीन नव्हती. अशा कुटुंबांना चर्चमध्ये जागा मिळायची ती अगदी मागे, दाराच्या वाऱ्यात, आणि पुरायची जागा कुंपणाच्या कडेला. वरच्या घरी ती आली ती मोलकरीण म्हणून, गोठा झाडायला. घरचा वारस फाउस्तो याचं मन तिच्यावर बसलं. म्हातारी मालकीण वर्षभर तिच्याशी सरळ बोलली नाही. मग एक दिवस पावाच्या भट्टीचं लांब फावडं तिच्या हातात देऊन म्हणाली, "करपवू नकोस." हाच लग्नाला होकार. पुढे लग्न झाल्यावर पाणवठ्यावर कुणीतरी हाक मारली, "ओ, गोयेनेचेआच्या बाई." कातालिननं मागे वळून पाहिलं, कुणाला बोलावतायत म्हणून. मागे कुणीच नव्हतं. त्या दिवशी चढणीवर तिला घागरीचं ओझं जाणवलं नाही.

म्हातारी गेली, दीर पांगले, मिकेला नावाची मुलगी झाली. मोटार अजून घाटाखालीच थांबायची, ते दिवस. एका सप्टेंबरात माळ्यावरच्या सुक्या गवतावर वीज पडली. फाउस्तोनं एकेक करत सगळ्या गाई बाहेर काढल्या, शेवटच्या वासरासाठी पुन्हा आत गेला, वासरू घेऊन आला, पण छातीत धूर घेऊन आला. सकाळी पाहिलं तर चार भिंती उभ्या होत्या आणि वर आभाळ होतं. मागच्या भिंतीला बाहेरून चिकटलेली दगडी पावाची भट्टी तेवढी शाबूत होती, आणि तिच्यापुढची पीठ मळायची बुटकी खोली. तिघांनी त्या खोलीत बिऱ्हाड थाटलं. पानं झडायच्या आत फाउस्तो तिथेच, पेंढ्यावर, खोकत खोकत गेला.

आता इथली रीत अशी, की घरात कुणी गेलं की पहिल्या शेजाऱ्यानं, म्हणजे सगळ्यांत जवळच्या घरानं, यायचं. मधमाश्यांच्या पोळ्यांवर बोटानं ठोकून मालक गेल्याचं त्यांना सांगायचं, म्हणजे त्या मेणबत्त्यांसाठी मेण करतात. शिडी लावून छपराचं एक कौल उचलायचं, म्हणजे जीव अडकून राहत नाही, मोकळा होतो. आणि शवपेटीच्या पुढे क्रूस धरून चालायचं. वरच्या घराचा पहिला शेजारी होआकिन, आणि होआकिनचा पहिला शेजारी वरचं घर. तो खांद्यावर शिडी घेऊन आला, पोळ्यांवर ठोकून आला, शिडी भिंतीला टेकवली आणि मान वर करून उभाच राहिला.

"कौल कुठलं काढू?" त्यानं विचारलं.

तो चिडवत नव्हता, एवढं त्याच्या बाजूनं सांगायला हवं. तो खरंच गोंधळला होता. पण कातालिनला ते थोबाडीत मारल्यासारखं लागलं. नवरा गेल्याचं दुःख होतंच, त्याच्या वर हे. ज्या घरात माणसाला जायलासुद्धा वाट करून देता येत नाही, ते कसलं घर?

"शिडी घेऊन जा घरी," ती म्हणाली. "पण मोडू नका. माझ्या वेळेला लागेल."

"म्हणजे?"

"मी मरेन तेव्हा या घरावर कौलं असतील. त्यातलं एक तुम्ही काढायचं."

"त्यासाठी मला तेवढं जगावं लागेल ना, बाई."

"मग जगा की. कुणी नको म्हटलंय?"

थोड्याच दिवसांत नोव्हेंबरातला सान मार्तिनचा सण आला. त्या दिवशी सगळं गाव चर्चच्या ओसरीत जमतं आणि गावचा पंच एकेका घराला हाक मारतो. माणसाला नाही, घराला. त्या घराच्या पहिल्या शेजाऱ्याला विचारतो, छप्पर आहे? चूल पेटते? शेजाऱ्यानं हो म्हटलं की त्या घरचं माणूस 'हजर' म्हणतं. शेजाऱ्यानं नाही म्हटलं, तर ते घर मेलं. मग त्याची हाक पुन्हा कधी होत नाही. चर्चमधली त्याची जागा जाते, कबर जाते, आणि कुरणाचा वाटा नि चेस्टनटची राई पहिल्या शेजाऱ्याला मिळते. होआकिनचा त्या राईवर बापाच्या वेळेपासून डोळा होता. त्यानं ते कधी लपवलंही नाही.

"धूर आहे," तो पंचाला म्हणाला. "छप्पर नाही. रानात मेंढपाळही शेकोटी पेटवतो. त्याला आपण घर म्हणतो होय?"

ओसरीत हशा पिकला. कातालिन मिकेलाचा हात घट्ट धरून उभी होती. पंच होता बाल्तासार, नाकासमोर चालणारा माणूस. त्यानं दाढी खाजवली आणि म्हणाला, "घराला आग लागून दोनच महिने होतायत. पुढच्या सान मार्तिनपर्यंत मुदत देऊ. तोवर छप्पर चढलं तर घर, नाहीतर नाही. काय गं, जमेल?"

"जमवणार," कातालिन म्हणाली.

"एकटी?"

"तुमच्याकडे कुणी मोकळं असेल तर पाठवा."

बर्फ पडायच्या आधी धाकटा दीर बेर्नार खेचर घेऊन डोंगरापलीकडून आला. तो फ्रान्सच्या बाजूला सुताराच्या घरी जावई होऊन राहिला होता. तिकडे कागदावरचंच आडनाव चालतं, आणि तो मुका ह त्याच्याच पोरांच्या आडनावातला. भट्टीच्या खोलीत वाकून शिरला, मक्याची भाकरी दुधात कुस्करली आणि खाता खाता मुद्द्यावर आला.

"वहिनी, सामान बांध. पोरीला घे आणि चल. इथे काय राहिलंय?"

"घर राहिलंय."

"हे? हे डुकरांनासुद्धा पुरायचं नाही. अगं, नाव कुठे जातंय का? माझी पोरं आहेत. पेद्रोदादाची तिकडे ब्वेनोस आइरेसला सहा झाली. त्यानं पत्र पाठवलंय, अख्ख्या गल्लीत गोयेनेचेच गोयेनेचे. नाव काय, माणसाबरोबर जातं."

"पेद्रोच्या पोरांना विचारलं की कुठले रे तुम्ही, तर काय सांगतात?"

"सांगतात, वरच्या घरचे."

"आणि तुझी?"

बेर्नारनं भाकरीचा तुकडा वाटीतच फिरवला. "तीही तेच सांगतात."

"मग वर काहीतरी असायला नको? तुम्ही सगळे नाव घेऊन गेलात, चांगलं केलंत, वाटेल तसं लिहा. पण ते नाव बोट दाखवतंय ते इकडे. इथे कुणीच नसलं तर तुमची पोरं कुठली होणार?"

"तू या घरची नाहीस, वहिनी. तू एवढं का ओढवून घेतेस?"

हे त्यानं वाईट मनानं म्हटलं नव्हतं, पण म्हटलं. कातालिन रागानं लाल झाली. "मी या घरची नाही, तर मग कुठली? चक्की भाड्याची होती. मला दुसरं घर कुठेय?" आणि मग शांतपणे म्हणाली, "भाकरी खा. गार होतेय."

बेर्नार गेला तो एकटाच गेला. जाताना मात्र त्यानं सुताराची करवत आणि दोन तासण्या तिथेच ठेवल्या, विसरल्यासारखं करून.

त्या हिवाळ्यात मायलेकी भट्टीच्या उबेला झोपल्या. दिवसभर राखेतून कौलं वेचायच्या, बोटानं ठोकून बघायच्या. खणखणीत वाजलं की शाबूत म्हणून एका बाजूला, बद्द वाजलं की तडकलेलं म्हणून दुसऱ्या. मिकेलाचा कान आईपेक्षा तयार झाला. गाव खालून रोज वर बघायचं. काहींना कौतुक वाटायचं, काहींना हसू यायचं, आणि होआकिन रोज सकाळी धूर दिसतो का ते बघायचा. धूर रोज दिसायचा.

मग फेब्रुवारीत, बर्फ गुडघ्यापर्यंत असताना, होआकिनची म्हातारी आई एस्तेफाना गेली. आणि होआकिननं त्या सकाळी एक चूक केली. ही चूक फक्त अर्राल्देचाच माणूस करू शकतो. त्याला खाली बाल्तासारकडे जाता आलं असतं. वरचं घर बिनछपराचं, त्याला शेजारी कोण म्हणतो, असं म्हणून दुसऱ्या शेजाऱ्याला बोलावता आलं असतं. पण आई गेली तेव्हा त्यानं काही विचारच केला नाही. त्याचे पाय आजाच्या, पणजाच्या वाटेनं आपसूक वर चढले. तो भट्टीच्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला, खाली बघत.

"आई गेली," एवढंच म्हणाला. एवढा मोठा गडी रडत होता.

कातालिननं कणकेचे हात धुतले. डोक्याला काळा रुमाल बांधला आणि त्याच्या पुढे चालू लागली. त्याच्या अंगणात जाऊन पोळ्यांवरचा बर्फ हातानं बाजूला केला, ठोकलं, मधमाश्यांना सांगितलं. मग त्याचीच शिडी लावून छपरावर चढली. कौलं बर्फानं एकमेकांना चिकटली होती. तिनं तोंडाच्या वाफेनं आणि उघड्या हातांनी एक मोकळं केलं, उचललं, आणि थोडा वेळ तसंच धरून ठेवलं. एस्तेफाना तिच्याशी कधी धड बोलली नव्हती. तरी कातालिनच्या डोळ्यांत पाणी आलं, कारण फाउस्तोसाठी हे कुणाला करता आलं नव्हतं. दफनाला पेटीच्या पुढे क्रूस घेऊन तीच निघाली. बाईनं क्रूस धरायचा म्हणजे काय, असं मागे कुणीतरी पुटपुटलं. पाद्र्यानं तिच्याकडे पाहिलं, होआकिनकडे पाहिलं, आणि प्रार्थना सुरू केली.

वसंतात घर बांधायला सुरुवात झाली. जळालेल्या घराला प्रत्येक घरानं एक ओकाचं खोड आणि एका दिवसाचं काम द्यायचं, ही जुनी रीत. पण परतफेड म्हणून त्या घरानंही गावाच्या कामाला माणूस द्यायचा. कातालिन स्वतःच उभी राहिली. गावच्या चुन्याच्या भट्टीवर तिनं पुरुषाच्या पाळीनं लाकडं टाकली, भुवया जळाल्या, तोंड भाजलं, पण पाळी सोडली नाही. पहिल्या दिवशी हसणारे दुसऱ्या दिवशी तिच्यासाठी पाणी ठेवायला लागले. उन्हाळ्याअखेरीस तुळया चढल्या. मग कौलं कमी पडली. खणखणीत निघालेली सगळी लावून झाली तेव्हा छप्पर स्वयंपाकघरापुरतं झालं होतं. पलीकडचा भाग तसाच उघडा, नुसत्या वाशांचा. आणि सान मार्तिन तोंडावर आला.

"होआकिनला आठवण करून दे," पाणवठ्यावर बायका म्हणाल्या. "त्याच्या आईचं कौल काढलंस ना? बोल की मग."

"शेजाराचं काम बोलून दाखवलं तर ती मजुरी होते," कातालिन म्हणाली. "मी मजुरीला नव्हते गेले."

"मग तो नाही म्हणाला तर?"

"नाही म्हणाला तर नाही म्हणाला." हे ती ताठ मानेनं बोलली खरी, पण रात्री तिला झोप लागली नाही. अर्ध्या छपराला पूर्ण कसं म्हणवायचं, हे तिलाही ठाऊक नव्हतं.

सान मार्तिनला सकाळी असं धुकं पडलं, की चर्चच्या ओसरीतून समोरचा अक्रोडसुद्धा दिसेना. वर डोंगरावर घर आहे, धूर आहे की दगड आहेत, कुणाला काही दिसायचा प्रश्नच नव्हता. आणि वर जाऊन बघून यायची रीत नाही. शेजाऱ्याचा शब्द हाच पुरावा. बाल्तासार एकेक घर हाकारत गेला. शेवटी म्हणाला, "गोयेनेचेआ. पहिला शेजारी, बोल. चूल पेटते?"

"पेटते," होआकिन म्हणाला.

"छप्पर आहे?"

होआकिननं टोपी काढली, पुन्हा घातली. कातालिननं ओठ घट्ट मिटले. तोंडावर आलेला शब्द तिनं गिळला.

"छप्पर अर्धं आहे," होआकिन म्हणाला.

कुणीतरी सुस्कारा सोडला. बाल्तासारनं मान हलवली. "अर्धं म्हणजे..."

"थांब. माझं झालेलं नाही." होआकिन लोकांकडे न बघता जमिनीकडे बघत बोलत होता. "आज अर्धं आहे. फेब्रुवारीत तेवढंही नव्हतं. आणि फेब्रुवारीत माझ्या आईचं कौल कुणी काढलं, तर वरच्या घरानं. क्रूस कुणी धरला, तर वरच्या घरानं. मीच बोलवायला गेलो होतो. आता ते घर तेव्हा मेलेलं होतं असं मी म्हटलं, तर माझ्या आईचं कौल कुणीच काढलं नाही असं होईल. ती अजून माझ्या छपराखाली अडकलीय असं होईल. ते मी म्हणणार नाही. घर आहे. मार हाक."

"आणि चेस्टनटची राई?" मागून कुणीतरी चिमटा काढला.

"तुझ्या घशात घाल," होआकिन म्हणाला.

या वेळीही हशा पिकला, पण कातालिनला तो ऐकूच आला नाही. बाल्तासारनं पुन्हा हाक मारली, "गोयेनेचेआ." आणि भाड्याच्या चक्कीवरची ती पोर, जिच्या बापानं या ओसरीत कधी तोंड उघडलं नव्हतं, तिला आवाजच फुटेना. मिकेलानं हात ओढला. मग ती म्हणाली, "हजर," आणि मोठ्यानं रडू लागली. कुणी हसलं नाही.

उरलेली कौलं पुढच्या वर्षी चढली. त्यांतली काही होआकिनच्या गोठ्यावरची जुनी होती, हे दोघांनीही कुणाला सांगितलं नाही. पुढे मिकेला वारस झाली, तिचा नवरा या घराच्या नावानं ओळखला जाऊ लागला. पेद्रोची नातवंडं आली, बेर्नारची आली, बिल्बाओची आली, प्रत्येकाचं आडनाव वेगळ्या वळणानं लिहिलेलं. कातालिननं कुणालाही तू खरा कोण असं विचारलं नाही. भट्टीतला पाव हातात दिला आणि वर छपराकडे बोट दाखवलं. होआकिन म्हातारा झाला, वाकला, काठी टेकायला लागला. वाटेत भेटली की ती विचारायची, "शिडी आहे ना धड?" आणि तो म्हणायचा, "शिडी धड आहे. तुझंच जायचं काही लक्षण दिसत नाही."

कातालिन गेली ती एप्रिलमध्ये, सकाळची, स्वयंपाकघरात, खुर्चीवर बसल्या बसल्या. मिकेला खाली सांगायला गेली. होआकिनच्या मुलांनी शिडी उचलली तेव्हा म्हातारा काठी आपटत बाहेर आला. "ठेवा ती खाली. तुमचं काम नाही." मुलांनी वेड्यात काढलं, सुनेनं शपथ घातली. तो ऐकेना. शेवटी दोन्ही मुलं शिडी धरून उभी राहिली आणि म्हातारा दर पायरीला थांबत, शिव्या घालत, वर चढला. स्वयंपाकघराच्या वरचं, त्या पहिल्या अर्ध्या छपरातलं कौल त्यानं शोधलं, बोटानं ठोकून पाहिलं आणि उचललं. मग ते हातात धरून बराच वेळ तिथेच बसून राहिला. खालून मुलानं हाक मारली तरी उतरेना.

"काढलं गं, कातालिन," तो म्हणाला.